तारबाई

गोफण डोक्यावर तीनदा फिरली आणि आम्रपालीनं दोरीचं एक टोक सोडून दिलं. दगड सुटला. त्याला बांधलेली मासे धरायची नायलॉनची दोरी सळसळत वर गेली, बांधावरच्या ऐनाच्या झाडाच्या शेंड्याजवळच्या फांदीवरून पलीकडे उतरली, आणि दगड भैरूच्या गोठ्याच्या पत्र्यावर दाणकन आपटला. आतल्या म्हशी दावी ओढायला लागल्या.

"कोण गो ती? कुणाचे हात झडले?" भैरूची बायको बायजा शेणाचं घमेलं हातात घेऊनच बाहेर आली.

"मी हाय. आम्रपाली."

"तू!" बायजानं घमेलं खाली आदळलं. "पंचेचाळीस वर्सांची झालीस आनि पोरासारखी गोफण फिरवत्येस? काय करत्येस झाडाला?"

"तार बांधत्येय."

बायजाचा राग तसाच राहिला, पण त्यात दुसरं काहीतरी मिसळलं. ती एक पाऊल मागे सरली आणि घराकडे तोंड करून ओरडली, "अवं, भायेर या! ही तारबाई आपल्या झाडाला तार बांधत्येय!"

पोलादपूरपासून कोसभर वर, डोंगराच्या उतारावर ही वाडी. वरच्या अंगाला गुरं राखणाऱ्यांची घरं, खालच्या अंगाला बौद्धवाडीची नऊ घरं आणि दोहोंच्या मधे तो बांध. आम्रपाली गमरे ही खालच्या अंगाची. रोज सकाळच्या एस.टी.नं महाडला जायची आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परतायची. बावीस वर्षांत तिनं फार रजा घेतल्या नव्हत्या. लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि म्हातारी आई, काशीबाई. महाडच्या तारघरात ती चिकटली तेव्हा वाडीनं तिला तारबाई म्हणायला सुरुवात केली, आणि त्या नावात कौतुक कधीच नव्हतं. तार म्हणजे मयत, हे सगळ्यांना माहीत होतं.

भैरूच्या घराला तर ते फारच चांगलं माहीत होतं. त्र्याऐंशी साली भैरूचा धाकटा भाऊ सोमा मुंबईच्या गोदीत मेला. ती तार आम्रपालीच्याच कानांनी आणि हातांनी उतरवून घेतली होती. नेहमीच्या रस्त्यानं गेली असती तर ती दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत पोचली असती. आम्रपालीनं पोस्टमास्तरांना विचारलं, कागद पिशवीत घातला आणि शेवटच्या गाडीनं स्वतः घेऊन आली. भैरूला वाचता येत नव्हतं. तिनं अंगणात उभं राहून वाचलं. जसं लिहिलं होतं तसं. "सोमा वारला. ताबडतोब निघा." भैरूची आई ओटीवर तांदूळ निवडत होती. ती तिथंच कलंडली आणि चार महिन्यांनी गेली. त्या घरानं गोदीला दोष दिला नाही, मुंबईला दिला नाही. वाचणारीला दिला. आपण घाई केली ती चांगल्यासाठी, असं आम्रपाली पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिली. पुढं तिनं सांगायचं सोडलं.

भैरू सावकाश बाहेर आला. त्यानं वर बघितलं, दोरीकडे बघितलं.

"काढ ती."

"बांध अर्धा आमचा हाय, भैरूदादा. ही फांदी माझ्या अंगाला येते."

"झाड आमच्या बापानं राखलंय."

"मी झाड नाय मागत. एक दोरी अडकवत्येय. माझ्याकडं लायसन हाय, भारत सरकारचं."

"झाड सरकारचं नाय," भैरू म्हणाला.

पण त्यानं दोरी ओढली नाही. आम्रपालीनं दोरीला तार बांधली, टोकाला चिनी मातीचा अंड्याएवढा मणी घातला आणि त्याच्यासमोर ती वर खेचून घेतली. भांडण टाळावं असं तिला वाटलं नाही. खरं तर वर चढणारी तार बघताना तिच्या अंगावर एक बरा वाटणारा काटा आला होता, आणि त्यातला थोडा भैरूच्या तोंडाकडे बघून आलेला होता.

त्या तारेमागे तीन वर्षं गेली होती. महाडच्या तारघरातली तारा ठोकायची किल्ली बंद पडून बरेच दिवस झाले होते. तिच्या जागी टाइप करायचं यंत्र आलं आणि आम्रपाली रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर बसली. ज्या हातानं मिनिटाला पंचवीस शब्द पाठवले त्या हातानं ती गोंद लावायला लागली. एमआयडीसीतल्या एका कंपनीतले साहेब दर महिन्याला परदेशी कार्डं घेऊन यायचे. एकदा तिच्या बोटांची टेबलावरची चाळवाचाळव बघून ते म्हणाले, "बाई, तुम्हाला मोर्स येतं?" त्यांनीच तिला हौशी रेडिओची परीक्षा आहे, ती पास झाली की घरातून बिनतारी बोलता येतं, हे सांगितलं. एक पुस्तक दिलं. पुढं त्यांची गुजरातेत बदली झाली. तिनं मुंबईला जाऊन परीक्षा दिली. तारघरात किल्लीचा कट्टकट्ट आवाज असायचा, इथं शिट्टीसारखा. तेवढं सवयीचं करून घ्यायला तिला महिना लागला. मग दीड वर्ष लायसनची वाट. मधेच चौकशीला पोलिस आला आणि वरच्या वाडीत दारोदार विचारत फिरला, बाईचं चालचलन कसं आहे? लायसन आलं तोवर वाडीचं मत बनलेलं होतं.

यंत्र तिनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं होतं. पाच वॉटचं, बॅटरीवर चालणारं. बाकीचे लोक तारेच्या मधोमध जोड देतात. त्याला दोन उंच झाडं लागतात आणि मधे मोकळी जागा. आम्रपालीकडे एक खिडकी होती आणि अर्ध्या बांधावरचं एक झाड. म्हणून तिनं टोकाकडून जोडायची तार निवडली. चाळीस मीटरच्या लहरीला तिच्या निम्मी तार, म्हणजे सहासष्ट फूट. एक टोक खिडकीत, दुसरं ऐनावर. खिडकीशी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळलेलं वेटोळं आणि जुन्या रेडिओतून काढलेली फिरती चकती. ती चकती केसभर फिरवायची आणि तारेच्या टोकाशी टेस्टर धरायचा. तार बरोबर लागली की टेस्टरमधला दिवा नुसत्या जवळिकीनं लाल व्हायचा. पहिल्यांदा तो लागला तेव्हा तिनं आईला हाक मारली. काशीबाईनं दारातूनच बघितलं.

"भाजत नाय ना ते?"

"बोटाला चटका बसंल, बस. एवढ्यानं मुंगी मरत नाय."

"मुंग्यांचं मला नको सांगू," काशीबाई म्हणाली. "वरच्या वाडीत काय बोलतात ते बघ."

वरच्या वाडीत पुष्कळ बोलत होते. टीव्ही एकट्या भैरूकडे होता. रविवारी पिक्चर बघायला सगळी वाडी त्याच्या ओटीवर जमायची. डोंगराआड असल्यामुळं चित्र कायमच मुंग्या आल्यासारखं दिसायचं, पण आता मुंग्यांना धनीण मिळाली. आम्रपालीनं पिक्चरच्या वेळी कधीच यंत्र लावलं नाही. ते सांगायला ती एकदा गेलीही. ओटीच्या पायरीशी तिला उभं ठेवलं. तिच्यासाठी पाणी आलं ते कोनाड्यातल्या वेगळ्या पेल्यातून. तिनं पेल्याला हात लावला नाही आणि बोलायला गेली होती ते न बोलता परत आली.

गेल्या वर्षी सरहद्दीवर लढाई झाली होती. कुणीतरी म्हणालं, बाई तिकडं बातम्या धाडते. ती कामावर असताना तार कापली गेली. तिनं जोडली. पंधरा दिवसांनी पुन्हा कापली. पुन्हा जोडली. दोन्ही वेळा तिनं गोफण भर दुपारी, सगळ्यांना दिसेल अशी फिरवली.

मग भैरूचा मुलगा राजू झाडावर चढला. राजू एमआयडीसीत वायरमनच्या हाताखाली होता, त्यामुळं विजेच्या बाबतीत त्याचा शब्द वाडीत शेवटचा. आम्रपाली आत किल्ली चालवत होती. राजूनं वरच्या टोकाला टेस्टर लावला. दिवा लागला. खाली दहा माणसं माना वर करून उभी होती.

"पेटला!" राजू ओरडला. "लायनीला जोड नाय तरी पेटला! जिता करंट हाय ह्या तारेत!"

आम्रपाली बाहेर आली. तिनं समजावलं. हा करंट वेगळा, ह्यानं माणसाला काही होत नाही, वाटल्यास मी हात लावून दाखवते. तिनं लावूनही दाखवला.

"तुला काय व्हनार?" बायजा म्हणाली. "तू सोताच मयताची तार हाईस."

आणि त्याच आठवड्यात, रविवारी दहाच्या सुमाराला, तिला उत्तर आलं.

तीन महिने ती हाका मारत होती. कुणी ऐकत नव्हतं, ऐकलं तर लांबच्या मोठ्या स्टेशनांना उत्तरं द्यायचं. त्या दिवशी तिची हाक संपली आणि शिट्टीचा आवाज उमटला, सावकाश, स्वच्छ. मिरजहून. नाव सुहास. तिनं आपलं गाव सांगितलं. मग आलं, "हात ओळखीचा वाटतो. तुम्ही महाड तारघर?"

आम्रपालीचं बोट किल्लीवर तसंच राहिलं. लाईनवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. शेवटची रेघ किंचित ओढणारा हा हातही तिला माहीत होता.

"चिपळूण?" तिनं विचारलं.

"चिपळूण. चौदा वर्षं. साहेब, तुम्ही अजून किल्ली सोडली नाहीत!"

"साहेब नाही. बाई."

"चौदा वर्षं साहेब म्हणालो," सुहासनी पाठवलं. "एकदाही दुरुस्त केलं नाहीत."

"शब्दाला पैसे पडतात," आम्रपालीनं पाठवलं आणि एकटीच मोठ्यानं हसली. काशीबाई चुलीपासून उठून बघायला आली.

पुढचे तीन रविवार दहा वाजता मिरज आणि पोलादपूर बोलले. सुहास निवृत्त झाले होते, गुडघे दुखायचे, दारात पेरू होता. आम्रपालीनं आईची तब्येत, डोंगरावरचं धुकं, गोफणीची गोष्ट सांगितली. तार कापतात हे तिनं सांगितलं नाही.

चौथ्या रविवारच्या आधी, पौषात, राजूच्या बायकोचं पोट पडलं. सुप्रिया तिचं नाव. पाचवा महिना होता. ती रोज त्या ऐनाखाली म्हशी बांधायची.

सोमवारी सकाळी आम्रपाली एस.टी.च्या थांब्यावर आली तेव्हा बायजा वाटेतच बसली होती. केस मोकळे. तिनं मूठभर माती उचलली आणि आम्रपालीच्या पातळावर फेकली.

"खाल्लंस गो! माझ्या दिराला खाल्लंस, सासूला खाल्लंस, आता पोटातलं बी सोडलं नायस!"

थांब्यावर सात-आठ माणसं होती. कुणी मधे पडलं नाही. आम्रपालीनं पातळ झाडलं आणि गाडीत चढली. दिवसभर खिडकीवर बसून ती मनात बोलणं जुळवत होती. पोलिसपाटील भिकाजींनी गुरुवारी शाळेच्या पडवीत बैठक बोलावली होती. तिनं लायसन, पुस्तक आणि गुजरातेतल्या साहेबांचं एक जुनं पत्र पिशवीत घालून ठेवलं. या वेळी ती ऐकून घेणार नव्हती. पहिल्यांदाच ती सगळ्यांना सगळं सांगणार होती, आणि भैरूनं ऐकलं नाही तर महाडला कोर्ट होतंच.

बुधवारी दुपारी, जेवायच्या सुट्टीला, खिडकीची फळी ती लावणार इतक्यात जाळीपलीकडे सुप्रिया उभी राहिली. चेहरा कागदासारखा. हातात सरकारी दवाखान्याची चिठ्ठी.

"एक आंतरदेशीय द्या," ती म्हणाली. मग आजूबाजूला बघून, "बाई, तुमच्याशी बोलायचं व्हतं."

"बोल."

"उद्याच्याला तुम्ही काय सांगनार?"

"खरं ते. तुझं पोट माझ्या तारेनं गेलं नाय, हे सांगणार. तुला काय वाटतं, तारेनं गेलं?"

सुप्रियानं चिठ्ठी जाळीखालून आत सरकवली. आम्रपालीनं वाचली. रक्त फार कमी, विश्रांती, ओझं उचलू नये. तारीख चार महिन्यांपूर्वीची होती.

"त्या दिवशी गवताचे पाच भारे आनले," सुप्रिया म्हणाली. "पाचव्याला कळ आली."

"हे घरात सांगितलंस?"

"काय सांगू? आमच्या सासूनं सात पोरं काढली, भारे वाहूनच." तिनं जाळीचा गज धरला. "हे दुसरं गेलं, बाई. पहिलं गेलं तवा तार नव्हती. ते कुनाला सांगितलं नाय, दोनच महिने व्हते. आता तारेनं गेलं असं ठरलं तर मी ऱ्हाते. नाय ठरलं तर माझ्यात खोट. राजूच्या आत्याची पोरगी बघून ठेवलीय. मला म्हायेरी धाडतील. म्हायेरी कोन हाय माझं?"

आम्रपालीचा आवाज चढला. "म्हणजे मी खोटं बोलू? चार गावांसमोर? माझ्या तारेनं बाईचं मूल मारलं म्हणू?"

"व्हय."

"आणि पुढच्या वेळी? तार नसताना गेलं तर?"

"पुढच्या टायमापर्यंत तरी ऱ्हाईन."

आम्रपालीनं फळी लावून टाकली. आतल्या बाकावर डबा उघडून ती बसली आणि तिनं एक घासही खाल्ला नाही. तिच्या घरात भिंतीवर एक तसबीर होती, आणि त्या तसबिरीखाली ती लहानपणापासून एकच ऐकत आली होती. शिकायचं, खरं बोलायचं, ह्यांच्या भुताखेतांपुढं मान तुकवायची नाही. सुट्टी संपली. फळी काढली तेव्हा सुप्रिया गेली होती. तिच्यासाठी काढलेलं आंतरदेशीय पत्र तिथंच राहिलं होतं.

गुरुवारी शाळेची पडवी भरली. वरची वाडी एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भैरू खांबाला टेकून बसला होता. बायजाच्या मागं डोक्याला फडकं बांधून सुप्रिया. तिनं मान वर केली नाही. काशीबाईला आम्रपालीनं येऊ नको म्हटलं होतं, तरी ती आली होती.

"हिला वाडीतनं काढा," कुणीतरी म्हणालं.

"आधी इचारू द्या," भिकाजी म्हणाले. "आम्रपालीबाय, राजूनं टेस्टर लावला तवा दिवा पेटला. खरं का खोटं?"

"खरं."

"म्हंजे तारेत करंट व्हता."

पिशवी तिच्या मांडीवर होती. आत पुस्तकाची कड तिच्या बोटांना लागत होती. खालच्या वाडीतला रामा तिच्याकडे बघून मान हलवत होता, बोल, बोल म्हणून.

"होता," आम्रपाली म्हणाली. "सुप्रियाचं माझ्या तारेमुळं गेलं."

क्षणभर कुणाला खरं वाटलं नाही. मग एकच गलका झाला. बायजा उठली. "कबूल झाली सटवी! ऐकलंत ना? आपल्या तोंडानं कबूल झाली!" भैरूही उभा राहिला होता. पण त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काही नव्हतं, इतकी वर्षं ज्याची खात्री होती ते ऐकून उलट तो घाबरल्यासारखा दिसत होता.

"अजून माझं संपलं नाही," आम्रपाली म्हणाली. तारा वाचून दाखवायची तसा तिचा आवाज होता, सपाट आणि स्वच्छ. लोक गप्प झाले. "तार मी काढते. पण हा करंट एकदा बाईच्या अंगात शिरला की दोन वर्षं जात नाही. तो रक्तातलं लोखंड खातो. डोक्यावर ओझं घेतलं की खाली उतरतो आणि पोट पाडतो. म्हणून दोन वर्षं हिच्या डोक्यावर हंडा नको, भारा नको. महाडच्या सरकारी दवाखान्यात लोखंडाच्या गोळ्या मिळतात, रोज एक. महिन्याला डॉक्टरणीला दाखवायचं. गूळ, शेंगदाणे, पालेभाजी."

"आनि नाय केलं तर?" बायजानं विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

"तर तार नसेल आणि तरी जाईल. मग माझ्याकडे येऊ नका."

"बरोबर हाय," राजू म्हणाला. आता सगळे त्याच्याकडे बघायला लागले होते. "आमच्या कंपनीत बी सांगतात, शॉक बसला की अशक्तपना येतो म्हनून."

भिकाजींनी निकाल दिला. तार आजच काढायची, पुन्हा वाडीत लावायची नाही. आम्रपालीनं सही केली. भैरू आणि राजू तिच्यामागून बांधावर आले. तिनं गाठ सोडायच्या आधीच भैरूनं तारेला हिसडा दिला. फांदीवरचा मणी निसटला, दगडावर पडून फुटला. त्यानं तार कशीबशी गुंडाळली आणि खालच्या दरीत भिरकावली.

घरी काशीबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"आये, जेवतेस ना?"

"तुला शिकवायला तुझ्या बापानं रस्त्यावर खडी फोडली," काशीबाई म्हणाली. "त्यांच्यापुढं उभी ऱ्हाऊन खोटं बोललीस. भ्यालीस तू."

आम्रपालीनं आईपुढं ताट ठेवलं. आईला सांगितलं असतं तर आईनं ते सकाळी रामाच्या बायकोला सांगितलं असतं, रागानं नाही, अभिमानानं. आणि दुपारपर्यंत ते वर पोचलं असतं.

रामा दोन दिवसांनी भेटला. त्यानं सरळच विचारलं, "आता उद्या त्यांची म्हस मेली तरी आमच्या वाडीवर घालतील. हे तुझ्या ध्यानात आलं नाय?"

"आलं," ती म्हणाली.

त्यानं पुढं विचारलं नाही, आणि पुढं तो तिच्याशी फारसा बोललाही नाही.

रविवारी दहाला आम्रपालीनं खोलीतल्या भिंतीवर तीन हात वायर खिळ्यांनी ठोकली. एवढ्या वायरीनं पाठवता येत नाही, कानाला लावून ऐकता येतं. मिरज आलं, फार बारीक, पाण्याखालून आल्यासारखं. सुहास तिला हाक मारत होते. हाक, थांबणं. पुन्हा हाक, पुन्हा थांबणं. त्या थांबण्यात तिनं उत्तर द्यायचं होतं. ती वहीत वेळ लिहीत राहिली. अकरा हाका झाल्या, मग निरोपाची खूण आली आणि खरखर उरली.

सोमवारी तिनं पोस्टातून कार्ड टाकलं. स्टेशन बंद केलं आहे, तब्येत ठीक आहे. पत्ता बदलून महाडला खोली घ्यायची तर लायसनसाठी पुन्हा दिल्ली, पुन्हा पोलिस, पुन्हा दीड वर्ष, आणि आईला सोडून जाणं होणार नव्हतं. ते तिनं लिहिलं नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं, ते तिनं टपालाच्या थैलीतून स्वतःच्याच हातानं काढलं. "कळले. रविवारी दहाला मी नेहमीप्रमाणे हाक मारीन. उत्तराची आवश्यकता नाही." ते तसं करत राहिले. पावसाळ्यात वीज कडकडायची तेव्हा काही ऐकू यायचं नाही, तरी ती कानाला लावून बसायची.

सुप्रियाच्या डोक्यावर त्यानंतर वाडीनं हंडा बघितला नाही. बायजा तिच्यावर ओरडायची, पण पाणी स्वतः भरायची आणि भरताना तारबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. महिन्यातून एकदा राजू सुप्रियाला मोटारसायकलवर मागं बसवून महाडला न्यायचा. आम्रपालीच्या एस.टी.ला ओलांडून ते पुढं जायचे. सुप्रियानं एकदाही वळून बघितलं नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर वरच्या वाडीत बारशाचा लाउडस्पीकर वाजला. खालच्या वाडीत कुणाला बोलावणं आलं नाही.

पुढं महिनाभरानं एका सकाळी थांब्यावर सगळे एकत्र उभे होते. बायजा, राजू, आणि सुप्रियाच्या खांद्याशी दुपट्यात गुंडाळलेलं मूल. टोचायला न्यायचं असावं. आम्रपाली चढण उतरून आली तसं बायजानं तिला बघितलं.

"सुप्रिया, झाक! आली ती. नजर पडू देऊ नको!"

सुप्रियानं झटकन पाठ फिरवली आणि पदर ओढून मुलाला पुरतं झाकलं. जोरात थुंकली, सासूपेक्षाही जोरात. आजूबाजूच्या बायका चार पावलं सरकल्या आणि आम्रपालीभोवती मोकळी जागा झाली.

ती त्या जागेत उभी राहिली. घाटाकडून गाडीचा आवाज येत होता. सुप्रियाच्या पदराखालून, कोपराच्या खाली, एक पाय तेवढा बाहेर राहिला होता. काळा दोरा बांधलेला, टाचेला गुलाबी, घोट्याशी वळी पडलेला. गुटगुटीत होता. आम्रपालीनं तो नीट बघून घेतला.

गाडी आली. ती पुढच्या दारानं चढली आणि डाव्या बाजूची खिडकी धरून बसली.